डिसेंबरचा पहिला रविवार

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी, पुण्यात ज्या विद्यालयात जपानी भाषेच्या प्रावीण्यपरीक्षेचे केंद्र असते त्याच्या फाटकाशी जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याला एरवी कोणत्याही परीक्षेच्या दिवशी न दिसणारे एक दृश्य दिसते. अजून मिसरूडही न फुटलेला शाळकरी मुलगा, संगणकक्षेत्रात नोकरी करणारी तरुणी, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला अभियंता, मुलांची शिक्षणे उरकल्यावर स्वतःच्या शिक्षणाकडे वळलेली गृहिणी आणि पेन्शनीत निघालेला एखादा कारकून, अशी सारी मंडळी एकाच रांगेत, हातात एच.बी.ची पेन्सिल, खोडरबर आणि प्रवेशपत्र घेऊन उभी असतात. कोणाच्या तळहातावरच्या चिमुकल्या वहीत कांजी अक्षरांची शेवटची उजळणी चाललेली असते, कोणी डोळे मिटून क्रियापदांची रूपे पुटपुटत असतो; आणि वयाचा, हुद्द्याचा किंवा ओळखीचा कसलाही विचार न करता शेजारचा शेजाऱ्याला विचारतो, "यंदा कितवी?" त्यावर उत्तर येते, "एन-थ्री. आणि तुमची?" वडिलांच्या वयाचा गृहस्थ "माझी एन-फोर" असे सांगतो, आणि त्या सांगण्यात संकोचाचा लवलेश नसतो. विद्येच्या दारात वयाने लहान असलेला पुढच्या पायरीवर आणि मोठा मागच्या पायरीवर असू शकतो, ही आपल्या परंपरेने तत्त्वतः मान्य केलेली पण व्यवहारात क्वचितच पाहायला मिळणारी गोष्ट त्या रांगेत दरवर्षी प्रत्यक्ष घडत असते.

त्या रांगेत मीही अनेक वर्षे उभा राहिलो आहे. कधी उत्तीर्ण झालो, कधी झालो नाही. अशा भाषापरीक्षा नेमके काय मोजतात आणि काय मोजण्याचे सोडून देतात, हा प्रश्न मला पडला तो यशाच्या वर्षी पडला नाही. अपयशाच्या वर्षी पडला. या लेखात त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

*

या परीक्षेचे जपानी नाव 'निहोंगो नोऱ्योकु शिकेन'. अर्थात् जपानी भाषेच्या सामर्थ्याची परीक्षा. यातल्या दुसऱ्या शब्दातला जोडाक्षराचा उच्चार 'सुऱ्या' आणि 'दोऱ्या' लिहिणाऱ्या मराठी माणसाला आपल्या लिपीत जसाच्या तसा उतरवता येतो, हे मी पहिल्याच आठवड्यात आनंदाने टिपून ठेवले होते. जपान फाउंडेशन आणि जपानमधील शैक्षणिक विनिमयाचे काम पाहणारी एक संस्था यांनी मिळून 1984 साली ही परीक्षा सुरू केली, तेव्हा साऱ्या जगातून सुमारे 7,000 विद्यार्थी तिला बसले होते. आज एका वर्षात बसणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे. आरंभी तिच्या चार पायऱ्या होत्या, आणि जुने विद्यार्थी अजूनही 'योनक्यू, सानक्यू, निक्यू, इक्क्यू' अशीच त्यांची नावे घेतात. तिसऱ्या आणि दुसऱ्या पायरीमधले अंतर फार मोठे होते. तिसरीला सुमारे 300 कांजी आणि 1,500 शब्द पुरत. दुसरीला मात्र 1,000 कांजी आणि 6,000 शब्द लागत. त्यामुळे कित्येक होतकरू विद्यार्थी त्या दरीच्या काठावर वर्षानुवर्षे थांबून राहत आणि शेवटी भाषा सोडून देत. 2010 साली परीक्षेची पुनर्रचना झाली, त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक नवी पायरी घातली गेली आणि एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंतच्या पाच पातळ्या रूढ झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षापासून परीक्षा जुलै आणि डिसेंबर अशी दोनदा घेण्याचा शिरस्ता पडला होता.

गुणदानाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. एकूण गुण 180. भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण, किंवा विद्यार्थ्यांच्या बोलीत सांगायचे तर 'मोजी-गोइ' व 'बुनपो', 'दोक्काई' आणि 'चोकाई', या तीन विभागांना वरच्या तीन पातळ्यांवर प्रत्येकी 60. एन-वनला 100, एन-टूला 90 आणि एन-थ्रीला 95 गुण मिळाले म्हणजे माणूस उत्तीर्ण होतो. परंतु त्याला एक अट आहे. प्रत्येक विभागात निदान 19 गुण मिळालेच पाहिजेत. एका विभागात 18 मिळाले, तर बाकीच्या दोहोंत पैकीच्या पैकी मिळूनही निकालपत्रावर अनुत्तीर्णच लिहिले जाते. शिवाय किती उत्तरे बरोबर आली एवढेच मोजून हे गुण दिले जात नाहीत. कोणते प्रश्न सुटले आणि कोणते सुटले नाहीत त्यांच्या ठेवणीवरून, संख्याशास्त्राच्या एका पद्धतीने, ते ठरवले जातात, जेणेकरून सोप्या वर्षी बसलेल्याला अकारण लाभ आणि अवघड वर्षी बसलेल्याला अकारण तोटा होऊ नये. परीक्षागृहातील शिस्तही कडक असते. नियमभंग करणाऱ्याला पिवळे पत्र दाखवून ताकीद देतात आणि भ्रमणध्वनी वाजला तर लाल पत्र दाखवून थेट बाहेर पाठवतात.

मात्र या साऱ्या काटेकोर व्यवस्थेत एक गोष्ट मुळीच नाही. या परीक्षेत विद्यार्थ्याला एकही वाक्य बोलावे लागत नाही आणि एकही अक्षर स्वतःच्या हाताने लिहावे लागत नाही. दिलेल्या पर्यायांतून एक निवडून पेन्सिलीने वर्तुळ काळे करायचे, एवढेच. लाखो उमेदवारांची परीक्षा जगभर समान न्यायाने घ्यायची तर दुसरा मार्ग सापडणे कठीण आहे, हे मला मान्य आहे. तथापि त्याचा परिणाम असा होतो की एन-वनची सनद मिळवलेला माणूस जपानी भाषा किती ग्रहण करू शकतो हे ती सनद सांगते, पण त्याला जपानीत काय सांगता येते याविषयी ती मौन पाळते.

*

मराठी माणसाला या भाषेच्या व्याकरणात परकेपणा फार थोडा वाटतो, आणि याचे श्रेय आपल्या बुद्धीला देण्यापेक्षा आपल्या भाषेच्या घडणीला देणे अधिक न्याय्य होईल. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तसेच त्यांचे येते. आपली विभक्ती नामाच्या मागून लागते, तशीच त्यांचीही लागते. 'काल मी वाचलेले पुस्तक' हे आपण ज्या क्रमाने म्हणतो, 'किनो वाताशि गा योन्दा होन' हे जपानी माणूस त्याच क्रमाने म्हणतो. आणि खरा विस्मय तर याच्यापुढे आहे. आपण 'वाचून पाहतो' तेव्हा डोळ्यांनी पाहत नसतो, प्रयत्न करीत असतो. जपानीतही 'योन्दे मिरु' म्हणजे वाचून पाहणे, आणि 'मिरु' म्हणजे पाहणेच. आपण 'लिहून ठेवतो', ते 'काइते ओकु' म्हणतात, आणि 'ओकु' म्हणजे ठेवणे. आपण 'घेऊन येतो', ते 'मोत्ते कुरु' म्हणतात, आणि 'कुरु' म्हणजे येणे. ज्या संयुक्त क्रियापदांसाठी इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला पानभर स्पष्टीकरण वाचावे लागते, ती आपण आजीच्या मांडीवर बसून शिकलेली असतात. रिमझिम, धडधड, लुकलुक यांसारखे जे ध्वनिशब्द ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, तसे 'शितोशितो', 'दोकिदोकि', 'किराकिरा' त्यांच्याकडेही विपुल आहेत, आणि परीक्षेत त्यांच्यावर हमखास प्रश्न येतो.

लिपीच्या प्रांतात शिरल्यावर तर इतिहासाचा एक जुना धागा हाती लागतो. जपानी काना अक्षरांचा आजचा क्रम 'अ, इ, उ, ए, ओ' असा सुरू होऊन पुढे 'का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा' असा जातो. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी संस्कृत ध्वनिशास्त्राच्या आणि सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून घेतलेला आहे. जपानी 'हा' पूर्वी 'पा' होता आणि 'सा' आपल्या चवर्गाच्या जागी बसला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य हा आपला क्रम तिथे जसाच्या तसा दिसू लागतो. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू 736 साली जपानला पोहोचला आणि 752 साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन त्याच्याच हस्ते झाले. म्हणजे पुण्यातला विद्यार्थी जेव्हा पहिल्या दिवशी कानाची वर्णमाला घोकतो, तेव्हा परदेशी गेलेल्या आपल्याच एका पूर्वजाला तो ओळख देत असतो.

परंतु हे आप्तत्व चिनी लिपीतून आलेल्या कांजी चिन्हांच्या उंबरठ्यावर संपते. जन्म आणि जीवन यांचा वाचक असलेले एकच चिन्ह 'सेन्सेइ'मध्ये 'सेइ', 'तान्जोबि'मध्ये 'जो', 'उमारेरु'मध्ये 'उ', 'इकिरु'मध्ये 'इ' आणि कच्च्या किंवा ताज्या पदार्थाच्या नावात 'नामा' असे वाचले जाते. आणि 2010 साली जपान सरकारने ठरवलेल्या नित्योपयोगी कांजींची संख्या 2,136 आहे. आदरार्थी बोलण्यातही असाच एक चकवा आहे. आपण बाहेरच्या माणसाजवळ बोलतानाही 'आमचे साहेब आले आहेत' असे बहुवचनाने म्हणतो. जपानी माणूस परक्यासमोर आपल्या वरिष्ठाचा उल्लेख नम्रतेने, म्हणजे आपल्याच पातळीवर आणून करतो. मराठी संस्कारात वाढलेल्या विद्यार्थ्याचे गुण इथे जातात, आणि ते त्याच्या सौजन्यापायी जातात.

*

माझे गुण मात्र दुसरीकडे गेले. एन-टूच्या पहिल्या प्रयत्नात माझी एकूण बेरीज 104 भरली होती, म्हणजे आवश्यकतेपेक्षा 14 अधिक. पण श्रवणात 17 होते. दोन गुणांनी त्या वर्षीची सनद हातची गेली. त्या संध्याकाळी मी निकालपत्र घेऊन आमच्या वृद्ध शिक्षिकाबाईंकडे गेलो. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि एवढेच विचारले, "तू घरी ध्वनिफीत किती वेळा थांबवतोस?" मी प्रत्येक वाक्यानंतर थांबवून, मागे नेऊन, पुन्हा ऐकत असे. त्या म्हणाल्या, "परीक्षेत एकदाच ऐकवतात, तो काही अन्याय नव्हे. माणूसही एकदाच बोलतो."

या एका वाक्याने माझ्या अभ्यासाची दिशा बदलली. छापील अक्षर आपली वाट पाहत थांबते. त्याच्याकडे आपण हव्या तितक्या वेळा परतू शकतो. उच्चारलेले वाक्य मात्र ज्या क्षणी येते त्याच क्षणी जाते, आणि त्याला सामोरे जायचे तर श्रोत्याला आपले सारे पूर्वज्ञान बाजूला ठेवून समोरच्यापुढे पूर्णपणे उपस्थित व्हावे लागते. चोकाईचा विभाग शब्दसंग्रहापेक्षा ही उपस्थिती अधिक तपासतो. म्हणूनच 19 गुणांची ती अट, जी मला त्या वर्षी जाचक वाटली होती, ती मला आज परीक्षेतील सर्वांत शहाणी तरतूद वाटते. वाचून विद्वान झालेल्या माणसाला ती बजावते की, बाबा रे, अगोदर ऐकायला शीक.

*

चिनी भाषेच्या परीक्षेचा इतिहास वरवर पाहता असाच, परंतु तिच्या पाठीमागची छाया फार लांब आहे. परीक्षेने माणूस निवडण्याची प्रथा ज्या देशात सुई राजवंशापासून सुमारे तेराशे वर्षे चालली आणि 1905 साली बंद झाली, त्या देशाने परक्यांसाठी भाषापरीक्षा निर्माण करावी हे स्वाभाविकच होते. 1984 साली, म्हणजे जपानी परीक्षा सुरू झाली त्याच वर्षी, बीजिंग भाषा संस्थेत 'हान्यू श्वेइपिंग खाओशी' या परीक्षेची आखणी सुरू झाली. 1990 साली तिला अधिकृत रूप आले आणि पुढल्या वर्षी ती चीनबाहेर गेली. 2010 सालच्या नव्या रचनेत तिच्या सहा पातळ्या झाल्या आणि शब्दसंख्येची चढण अशी ठरली: 150, 300, 600, 1,200, 2,500 आणि शेवटी 5,000. 2021 साली तीन टप्पे आणि नऊ पातळ्यांचे नवे मानक जाहीर झाले. तैवानमध्ये 2003 पासून पारंपरिक लिपीची निराळी परीक्षा घेतली जाते, त्यामुळे एकाच भाषेच्या विद्यार्थ्याला आधी आपली लिपी निवडावी लागते.

मराठी विद्यार्थ्याला इथेही काही ठेवा घरून मिळालेला असतो. श्वासयुक्त आणि श्वासरहित व्यंजनांतला जो भेद चिनी भाषेत अर्थ बदलतो, तो 'पळ' आणि 'फळ' म्हणणाऱ्याला शिकवावा लागत नाही. 'चार' आणि 'चाक' या शब्दांतले दोन निराळे चकार उच्चारणाऱ्या जिभेला चिनी भाषेतले दंत्य उच्चार अवघड जात नाहीत. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही' हा भेद उत्तर चीनच्या बोलीतही 'त्सानमन' आणि 'वोमन' या रूपांनी नांदतो. मात्र स्वरांच्या चढउतारापुढे सारेच नवखे ठरतात: 'माइ' हा शब्द खाली जाऊन वर आला तर खरेदी होतो आणि वरून तडक खाली आला तर विक्री होतो.

चिनी परीक्षेत लेखनाला स्थान आहे, ही तिची विशेष गोष्ट. 2010 च्या रचनेतील सहाव्या पातळीवर विद्यार्थ्याला सुमारे हजार अक्षरांची एक कथा वाचायला देतात. दहा मिनिटांनी तो कागद काढून घेतात, आणि मग आठवणीतून सुमारे 400 अक्षरांत तिचा सारांश लिहायला सांगतात. ऐकलेले कीर्तन घरी येऊन सांगणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या ही परीक्षा सहज उत्तीर्ण झाल्या असत्या, असे मला नेहमी वाटते. बोलण्यासाठी तीन पातळ्यांची स्वतंत्र परीक्षाही आहे. भाषा घेण्याबरोबर परत देण्याचाही विचार इथे अधिक केलेला दिसतो.

*

आज या सनदांना व्यवहारात मोल आले आहे, आणि ते मोल तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. जपानमध्ये उच्चकुशल व्यावसायिकाच्या निवासपरवान्यासाठी जी गुणगणना होते, तीत एन-वनला 15 आणि एन-टूला 10 गुण मिळतात. परदेशी पदवीधर वैद्याला तिथल्या परवानापरीक्षेला बसण्यासाठी एन-वन लागते. आणि 2019 च्या एप्रिलपासून विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी जी योजना सुरू झाली, तीत एन-फोर हा प्रवेशाचा एक दाखला ठरला. वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करायला परदेशी निघालेल्या मुलीला 'कुठे दुखते?' हे विचारता आणि त्याचे उत्तर समजता आले पाहिजे. तिच्या हातातील सनद ही तिच्या घरादाराची आशा असते.

परंतु सनदेशिवायही भाषा शिकलेली माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत, आणि त्यांचे स्मरण केल्यावाचून या विषयाचे माप पुरे होत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. युद्धाच्या धामधुमीत कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियाशास्त्र शिकवले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी संसार मांडला, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच देह ठेवला. त्यांची श्रवणपरीक्षा जखमी सैनिकांच्या खाटांशी झाली, आणि तिथेही वाक्य एकदाच ऐकू येत होते. वसंत वासुदेव परांजपे 1947 साली शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात गेले, आणि 1954 साली पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा दोन राष्ट्रांच्या नेत्यांमध्ये दुभाषा म्हणून उभे राहिले. पुण्याच्या पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा या जपानी पंडितांच्या सहकार्याने 'समंतपासादिका' या पाली ग्रंथाच्या प्राचीन चिनी अवताराचे इंग्रजी भाषांतर केले, आणि 1970 साली ते भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केले. या तिघांपैकी एकाच्याही वेळी आजच्या प्रावीण्यपरीक्षा अस्तित्वात नव्हत्या. त्यांनी जे घेतले ते जसेच्या तसे जवळ न ठेवता शुश्रूषेच्या, संवादाच्या आणि ग्रंथाच्या रूपाने परत दिले.

पुरस्कार असतात ते या परत देण्यासाठी. जपानमध्ये परदेशीयांची वक्तृत्वस्पर्धा 1960 पासून चालत आली आहे. चीनने 2002 साली परदेशी विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी 'हान्यू छ्याओ', म्हणजे चिनी भाषेचा सेतू, ही स्पर्धा सुरू केली. आपल्या देशातही जपानी वक्तृत्वाच्या प्रादेशिक फेऱ्या होऊन विजेते अंतिम फेरीला जातात. चीनमधल्या हार्बिनमध्ये जन्मलेल्या यांग यी या लेखिकेला 2008 साली जपानी साहित्यातला प्रतिष्ठेचा अकुतागावा पुरस्कार मिळाला, तेव्हा जपानी ही ज्याची मातृभाषा नाही अशा लेखकाला तो प्रथमच मिळाला. 2021 साली तो तैवानच्या ली कोतोमी यांना मिळाला. हायकूचा सखोल अभ्यास करून तो हिंदीत रुजवणाऱ्या प्रा. सत्यभूषण वर्मा यांचा 2002 साली जपानी हायकूकार मासाओका शिकी यांच्या नावाच्या पुरस्काराने गौरव झाला. मराठीत हायकू आणण्याचे श्रेय शिरीष पै यांचे. त्यांच्या छोट्या ओळींनी मराठी वाचकाला ज्या शांततेची ओळख करून दिली, ती कोणत्याही गुणपत्रिकेत बसणारी नाही.

आणि शेवटी डोनाल्ड कीन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या भाषाशाळेत हा तरुण जपानी शिकला, आणि रणांगणावर सापडलेल्या, मृत जपानी सैनिकांच्या रोजनिशा वाचण्याचे काम त्याच्याकडे आले. शत्रू म्हणून ज्यांची ओळख करून दिली गेली होती, त्यांच्या हस्ताक्षरात त्याला भूक, घराची ओढ आणि मृत्यूची चाहूल वाचायला मिळाली. पुढचे सारे आयुष्य त्याने जपानी साहित्य जगापुढे ठेवण्यात वेचले. 2008 साली जपानने त्याला आपला संस्कृतिसन्मान दिला, आणि 2012 साली, भूकंपाने तो देश हादरल्यानंतरच्या वर्षी, त्याने जपानी नागरिकत्व स्वीकारले. मृतांना उत्तर देता येत नाही; कीन यांनी त्या रोजनिशांना सत्तर वर्षे उत्तर दिले, असे मी समजतो.

*

दुसऱ्या प्रयत्नात मी एन-टू उत्तीर्ण झालो, आणि ती सनद आजही माझ्या दप्तरात जपून ठेवलेली आहे. पण त्या दिवसाची जी आठवण माझ्याजवळ आहे ती सनदेची नाही. चोकाईचा शेवटचा प्रश्न संपला, उत्तरपत्रिका गोळा झाल्या, आणि आम्ही सारे संध्याकाळच्या कोवळ्या थंडीत फाटकाकडे निघालो. सकाळपासून त्या इमारतीत शेकडो माणसांनी जपानी वाचले होते, जपानी ऐकले होते. पण जपानी बोलले मात्र कोणीच नव्हते, कारण परीक्षेत बोलायचे नसते. फाटकाशी, सकाळी माझ्यापुढे रांगेत असलेले ते पेन्शनर गृहस्थ थांबले, मागून येणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे वळले, किंचित वाकले आणि म्हणाले, "ओत्सुकारेसामा देशिता." बरोबरीने श्रमलेल्या माणसाच्या श्रमांची जाण ठेवून म्हटल्या जाणाऱ्या या वचनाला मराठीत एका शब्दाचा पर्याय नाही. मुलगा क्षणभर गोंधळला. मग त्यानेही हातातली पेन्सिल सावरीत, वाकून तेच वाक्य परत दिले. ते एकदाच उच्चारले गेले होते, आणि त्याला ते नीट ऐकू आले होते.